चिन्यांची झोप आणि आमची झोप

वाळूजच्या आमच्या कारखान्यात चिनी मशीन आलं, आणि ते बसवायला सहा चिनी कारागीर आले, सोबत त्यांच्याकडचाच एक दुभाष्या. मशीन एवढं थोरलं, की त्याच्या सावलीत वैजापूरचा अख्खा कांदा बाजार बसला असता. पण माझा राग मशीनवर नाही, झोपेवर आहे.

दुपारचं जेवण झालं की चिनी पुठ्ठे अंथरून अर्धा तास आडवे व्हायचे. घोरणं असं, की छपराचे पत्रे नाचायचे. मॅनेजरसाहेब त्यांच्या बाजूनं चवड्यांवर चालत आणि आम्हाला दटावत, "हळू! त्यांची संस्कृती आहे ती."

त्यांच्या हाताखाली आमचा एक फिटर दिला होता. पिशोरकडचा, मेंढपाळाच्या घरचा. त्याच्या आज्यापणज्यानंही मेंढरं सावलीला बसवून दुपारी डोळा लावलेला. त्यात नामांतराचे दिवस. शहर बंद, बस बंद. गडी उस्मानपुऱ्यातल्या खोलीवरून दहा-बारा किलोमीटर पायी आला, भाकरी खाल्ली आणि चिन्यांच्या शेजारी कलंडला. साहेबांनी नेमकं त्याला एकट्याला उठवलं. हातात नोटीस: कामावर झोपलास, नोकरीवरून का काढू नये?

मी भडकलो. "साहेब, पुठ्ठा एक, झोप एक. त्यांची संस्कृती अन् याची हरामखोरी?"

"तू वकील आहेस का त्याचा?"

"व्हय. अन् फी बी नाय घेत."

दुसऱ्या दिवशी साहेबांची आवडती बैठक. तिथं म्हणे सगळ्यांनी मोकळं बोलायचं, साहेबाची चूक तोंडावर सांगायची! "काही तक्रार?" त्यांनी चिन्यांना विचारलं. सहाही जण टेबलाकडं बघत गप्प. मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला. ज्याच्या मांडीला मांडी लावून जेवता, त्याच्यासाठी एक शब्द नाय निघत?

त्या दुपारी मात्र एकही चिनी आडवा झाला नाही. मशीनसमोर स्टुलांवर ताठ बसले. घंटा झाली तरी हातात पाना कुणी धरेना. मग त्यांच्यातला म्हातारा उस्ताद दुभाष्याला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला, स्वतःच्या हातानं चहा ओतला आणि दार लावून घेतलं.

दुभाष्यानं नंतर मला सांगितलं, "चारचौघांत साहेबाला चूक म्हणणं आमच्यात वाईट. उस्ताद आत एवढंच म्हणाला, हा पोरगा माझ्या तुकडीतला आहे. याची रोजी गेली तर माझ्या माणसांना झोप लागायची नाही."

नोटीस मागं घेतली. पण कारण काय लिहावं? परदेशी पाहुण्यांच्या संस्कृतीचा मान राखून! माझ्या अंगाची लाही लाही झाली. माणूस पिशोरचा, झोप पिशोरची, आणि नोकरी वाचली ती चीनच्या नावावर!

मशीन सुरू झालं, चिनी गेले. लगेच फळ्यावर सूचना: दुपारची झोप बंद. फिटर भाकरी खाऊन म्हणाला, "दादा, आता कुणाचा मान राखून झोपू?"

"तुझाच की रं!" मी पुठ्ठा अंथरला आणि त्याच्या आधी आडवा झालो. मग तो झाला, मग पलीकडचा, मग अख्खं खातं. घोरण्यानं गेटवरचा वॉचमन हलला. साहेब आले, नोटिसा किती काढाव्या लागतील याचा अंदाज घेत उभे राहिले.

मी एक डोळा किलकिला केला. साहेब चवड्यांवर चालत परत निघाले होते.