लोणच्याची बरणी पिंपरीला नेली तेव्हा

आमचं बिऱ्हाड चाकणच्या पलीकडल्या गावातून पिंपरीला हलायचं ठरलं, गाडी सांगितली, बैल चारून तयार झाले, आणि नेमका त्याच सकाळी मला कावळा शिवला.

आताच्या पोरींना हे उलगडून सांगावं लागतं. त्या हसतात. आमच्या वेळी पाळी आली म्हणायची सोय नव्हती, कावळा शिवला म्हणायचं. एकदा शिवला की तीन दिवस बाजूला बसायचं. भांड्याला हात नाही, देवाला नाही, पाण्याला नाही. आणि लोणच्याला तर नाहीच नाही. लोणच्यावर सावली पडली तरी बुरशी येते, असं आमच्या सासूबाई सांगायच्या. नुसतं सांगून थांबायच्या नाहीत. आदल्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या जावेचा हात चुकून कुरडयांच्या चिकाला लागला, तर तो भरला हंडा त्यांनी म्हशीपुढं ओतला होता. म्हैस खुशीत होती. जाऊबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

पिंपरीला तेव्हा कारखाना निघाला होता. आमच्या मालकांना तिथं काम लागलं आणि राहायला खोली मिळाली. ते पुढं गेले होते. त्यांचा निरोप आला, किल्ली हातात आलीय, लगेच या, खोली रिकामी दिसली तर दुसऱ्या कुणाला देतील. गाडी शेजाऱ्यांची, त्यांनाही तेवढाच दिवस मोकळा. म्हणजे दिवस काही पुढं ढकलता येत नव्हता.

मी गोठ्याच्या कडेला, ओसरीच्या पायरीखाली जुनी घोंगडी टाकून बसले. घोंगडीच का, तर लोकरीला विटाळ लागत नाही. सुती कापडाला लागतो. हा सासूबाईंचा कायदा, आणि त्या घरात दुसरा कायदा चालत नव्हता.

"कावळ्याला आजच सवड घावली व्हय गं?" जाऊबाई हंड्यात तांबे रचत म्हणाल्या. "बांधाबांधीच्या दिवशी बरोबर येतोय तुझा कावळा. सांगून ठेवलं हुतंस का त्याला?"

"तुम्हालाच पाठवते त्याच्याकडं निरोप घेऊन," मी म्हणाले.

सासूबाई आतून ओरडल्या, "तोंडाला विटाळ न्हाई तिच्या, ते चालूच ऱ्हाणार."

हसण्यावारी नेलं, पण माझा जीव दुसरीकडंच अडकला होता. आईच्या बरणीत. ज्येष्ठात आईनं माझ्यासाठी कैरीचं लोणचं घालून खेडहून पाठवलं होतं, आणि श्रावणात ती गेली. साधा ताप आला आणि गेली. तिच्या हातचं म्हणून जगात आता तेवढंच उरलं होतं. पांढरी चिनी मातीची बरणी, वरच्या अंगाला तपकिरी. मी ती जपून वापरायची, सणाला एखादी फोड. आता ती गाडीतून मोशी, भोसरी करत पिंपरीला जायची, आणि बांधायची होती जाऊबाईंनी. मला हात लावता येत नव्हता. माझा हात लागलेला सासूबाईंना कळला असता, तर बरणीचं काय होणार हे सांगायला नको. म्हैस होतीच दारात.

म्हणून मी बसल्या जागेवरून नुसती तोंडानं संसार बांधत होते. कंदिलाच्या काचेत चिंध्या भरा. कपबश्या बाजरीच्या डब्यात खुपसा, वर दाणे ओता, म्हणजे एकमेकींना लागायच्या नाहीत. आरसा दोन गोधड्यांच्या मध्ये. पाटा-वरवंटा गाडीच्या तळाला, आणि जात्याचे दोन्ही दगड आसाच्या वर, नाहीतर गाडी एका अंगाला कलते. सगळं मला दिसत होतं. एक ताट कुठं गेलं, चमचा कुठल्या गाठोड्यात पडला, डोळे नुसते फिरत होते.

आणि मग जाऊबाईंनी बरणी उचलली आणि माजघरात नेली.

आता बघा. बाकी सगळं ओसरीवर, उजेडात बांधलं. बरणीच तेवढी अंधारात का? मी मान लांब केली. काही दिसेना.

"जाऊबाई, आत काय करताय?"

"दादरा बदलतीये गं. जुना तेलकट झालाय."

दादरा म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधायचं फडकं. आठवड्यापूर्वीच मी स्वच्छ धुतलेला बांधला होता. तो कधी तेलकट झाला? थोड्या वेळानं वास आला. हिंगाचा, मेथीचा, मोहरीचा, तेलाचा. आईचा वासच म्हणा ना. म्हणजे झाकण उघडलं होतं. दादरा बदलायला झाकण कशाला उघडावं लागतं?

"अहो, एवढा वेळ?"

"तुझ्या आयनं लोणचं घातलंय का सोनं पुरलंय ह्यात?" आतून आवाज आला. "घट्ट बांधू का नको?"

त्या बाहेर आल्या तर बरणी माझ्या माहेरच्या नव्या कोऱ्या घोंगडीत गुंडाळलेली. वरून सुतळी, आणि सुतळीला अशा गाठी की विचारू नका. पोत्यांचा ढीग पडला होता, जुनी लुगडी पडली होती, आणि ह्यांना माझी चांगली घोंगडीच सापडली? मला दोन शंका आल्या. एक, घोंगडीला तेल लागून ती वाया जावी. दुसरी, आत काय आहे ते कुणाला दिसू नये. तिसरी शंका काही सुचली नाही, नाहीतर तीही घेतली असती.

भुसा घातलेल्या टोपलीत बरणी बसवली आणि टोपली गाडीच्या मागच्या अंगाला बांधली. पुढं सासूबाई, मांडीवर देवांचं तबक, तोंड बैलांकडं. मधे जाऊबाई, गोधड्यांतला आरसा धरून. शेवटी मी, जुन्या घोंगडीवर, पाय खाली सोडून. बरणी माझ्या हाताच्या अंतरावर, आणि हात लावायचा नाही. गाडीवाला बैलांच्या तोंडाशी चालत होता.

चाकण मागं पडलं. मग जाऊबाई सहज म्हणाव्यात तसं म्हणाल्या, "तुमच्याकडं लोणच्यात गूळ घालत न्हाईत, व्हय ना?"

"नाही."

"तरीच."

तरीच काय? चव घेतल्याशिवाय तरीच कसं म्हणेल माणूस? मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ओठाच्या कडेला काही लागलंय का, तेसुद्धा पाहिलं. काही नव्हतं. पुसलं असेल.

मोशीच्या अलीकडं इंद्रायणीचा उतार लागला. तेव्हा रस्ता आजच्यासारखा नव्हता. गाडीवाला ओरडला, "धरून बसा काकी, दगाड हाय म्होरं!" आणि सासूबाईंनी देव छातीशी घेईपर्यंत चाक दगडावर चढून धाडकन खाली आलं. जातं सरकलं. डबे आपटले. आणि टोपलीची दोरी निसटून बरणी घोंगडीसकट माझ्याकडं कलंडली.

मी काही ठरवलं नाही. ठरवायला वेळच कुठं होता? दोन्ही हातांनी कवटाळली. घोंगडी वरून घसरली आणि माझा उजवा हात थेट दादऱ्यावर बसला, बरणीच्या गळ्याशी. दादरा ओला झाला होता, बोटं तेलानं माखली. मोठी चूक म्हणायची तर म्हणा, पण सोडली असती तर बरणी रस्त्यात होती.

जाऊबाई माझ्या हाताकडं बघत होत्या. अगदी टक लावून.

"काय पडलं?" सासूबाईंनी मान वळवली. "लोनचं का? कुनी धरलं?"

तेवढ्यात जाऊबाईंनी एका हातानं घोंगडी वर ओढली आणि म्हणाल्या, "हिनंच धरलं, आत्याबाई."

झालं, म्हटलं. म्हशीच्या नशिबात होतं.

"पर घोंगडीवरनं धरलं," जाऊबाई पुढं म्हणाल्या. "लोकरीला कुठला आलाय विटाळ? तुमीच सांगता की."

सासूबाईंनी घोंगडी पाहिली, मला पाहिलं, जाऊबाईंना पाहिलं. स्वतःचाच कायदा, मोडायचा कसा? "गुंडाळलं शानपनानं," एवढं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. थोडं पुढं गेल्यावर नाक वर करून म्हणाल्या, "वास लई येतोय."

"हादरली की बरनी. वास येनारच," जाऊबाई.

तो वास माझ्या बोटांना येत होता. हात पदरात गुंडाळून मी भोसरीपर्यंत तशीच बसले. आणि हायसं वाटायच्या ऐवजी मला वेगळंच भूत लागलं. ह्या बाईनं मला का वाचवलं? आमचं तसं काही गूळपीठ नव्हतं. चुलीपाशी रोज एकमेकींना टोचून बोलायचो. घोंगडी तिनं मुद्दाम गुंडाळली होती का, हे असं काही होईल म्हणून? की दुसरंच काही झाकायला? मी हळूच विचारलं, "घोंगडी कशाला वापरली हो?"

"मऊ असतीया," त्या म्हणाल्या आणि आरशाच्या गाठोड्यावर डोकं टेकून डोळे मिटले. झोपल्या नव्हत्या. झोपलेल्या बाईची पापणी हलत नाही.

पिंपरीला खोली छान होती. भिंती कोऱ्या, नळाला पाणी, छताला दिवा. मालक दारात उभे. मला बघून पुढं आले, पण घोंगडी बघून तिथंच थांबले. माझ्याच घरात पहिलं पाऊल सासूबाईंनी देव घेऊन टाकलं, दूध उतू घालवलं जाऊबाईंनी, आणि मी मागच्या दाराच्या पायरीवर बसून फक्त वास घेतला. शेजारी साताऱ्याकडची एक बाई राहायची, तिनं कुंपणावरून विचारलं, "बाहेर का बसलाय?" मी म्हटलं, "कावळा." ती म्हणाली, "हितंबी आला का मागं?" तिथं मला त्या सगळ्या दिवसातलं पहिलं हसू आलं.

पण बरणी आत होती आणि मला दिसत नव्हती. झाकणाचा आवाज झाला की मी कान टवकारायची. जाऊबाई मला भाकरी वरून टाकायच्या, तेव्हा मी त्यांच्या हाताचा वास घ्यायची. खरंच घ्यायची. कधी कांद्याचा यायचा, कधी राखेचा. आणि दुसरी धास्ती होतीच. माझा हात लागलाय. आईनं घातलेलं लोणचं माझ्याच हातानं बुरसलं तर? मी मानत नव्हते, पण मानत नव्हते हे तरी कुणाच्या जिवावर म्हणणार? लहानपणापासून तेच ऐकलेलं.

चौथ्या दिवशी मी न्हाले आणि आत आले. घर लावून झालं म्हणून सासूबाई आणि जाऊबाई त्याच दिवशी गावी परत निघायच्या होत्या. गाठोडं बांधून झालं होतं, तरी सासूबाई बसून राहिल्या. म्हणाल्या, "जायच्या आदी ती बरनी उघड. माझ्या म्होरं."

म्हणजे त्यांना शंका होतीच. तीन दिवस पोटात ठेवली होती.

जाऊबाई शेगडीपाशी भाकरी थापत होत्या. मी सुतळीच्या गाठी सोडवायला घेतल्या. सुटता सुटेनात. शेवटी दातांनी सोडवल्या. दादरा काढला, झाकण काढलं, आणि आत डोकावले.

बुरशी नव्हती. कुठं पांढरा ठिपकासुद्धा नव्हता. तेल लालभडक, फोडी टणक. पण त्याच वेळी दुसरं दिसलं. लोणचं चांगलं चार बोटं खाली गेलं होतं. वरती बरणीच्या आतल्या अंगाला जिथपर्यंत आधी लोणचं होतं तिथं तेलाची रेघ होती, आणि खाली पळीनं खणल्यासारखा खळगा.

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मी वर पाहिलं. जाऊबाई पीठभरले हात तसेच धरून माझ्याकडं बघत होत्या, जशा मोशीच्या उतारावर माझ्या हाताकडं बघत होत्या तशा.

सासूबाई वाकल्या. त्यांची नजर म्हातारपणीही घारीची. "एवढं खाली कसं गेलं गं?"

माझ्या तोंडात आलं होतं सगळं. माजघर, वास, तरीच. एका वाक्याचं काम होतं. आणि मग जाऊबाईंनीही माझ्या हाताचं एकच वाक्य बोलायचं होतं, आणि बरणी गेली असती.

"गाडीच्या हादऱ्यानं खाली बसलं असेल, आत्याबाई," मी म्हणाले.

"खाली बसलं तर त्याल वर याया पायजे," सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाईंनी भाकरी अशी थापायला घेतली की परात वाजायला लागली. सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि मग हाताची मूठ उघडून तळवा माझ्यापुढं धरला.

"घाल एक फोड."

मी घातली. त्यांनी तोंडात टाकली आणि चावत राहिल्या. किती वेळ चावत होत्या देव जाणे. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होते, गिळतात का थुंकतात. गिळली.

"मीठ जास्त हाय," त्या म्हणाल्या. बोटं चाटली. "आनी एक घाल."

दुसरी घातली. ती त्यांनी गरम भाकरीच्या तुकड्याबरोबर खाल्ली. मग मी एक जाऊबाईंच्या ताटात वाढली, मोठी बघून, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा सण नसताना एक माझ्या ताटात घेतली.

त्या दोघी गावी निघून गेल्यावर मी दादरा स्वतःच्या हातानं पुन्हा बांधला, आणि गाठ अशी मारली की माझ्याशिवाय कुणाच्या बापाला सुटू नये.