एक महिना तुझ्याकडे, एक महिना माझ्याकडे

हिवरखेडच्या एकाच घरातून आम्ही दोघी बहिणी निघालो. ताई अमरावतीला गेली, मी अकोल्याला. तेव्हा मी अशी रुसले होते, की जणू स्वर्गाचं तिकीट माझ्या हातून हिसकून ताईला दिलं. अमरावती म्हणजे इंद्राची नगरी! तिथं कॉलेजं, नाटकं, व्याख्यानं, आणि नवरा शिक्षक. माझ्या वाट्याला काय, तर डाळमिलचा भुसा आणि चहाआधी तुरीचा भाव विचारणारा नवरा. लग्नाच्या फोटोत माझं तोंड फुगलेलं दिसतं. नातवंडं विचारतात, "आजी, दात दुखत होता का?" मी हो म्हणते. एवढ्या मूर्खपणाला दातदुखी हेच त्यातल्या त्यात सभ्य नाव.

पण माणूस ज्या गावात भाजतो, त्याच गावाचा होतो. दोन-चार उन्हाळ्यांत मी पक्की अकोलेकरीण झाले. आमच्या गल्लीत कुणी दार वाजवत नाही. "काय करून राहिल्या काकू?" म्हणत बाई थेट गॅसपाशी येते आणि कढईत डोकावून मीठ कमी आहे हेही सांगून जाते. ताईकडे सगळं सावकाश. पाहुणा आधी विचारून येतो, फाटकाशी थांबतो, मग बसून परवा ऐकलेल्या व्याख्यानाबद्दल इतकं बोलतो की चहा निवून जातो.

यावरून आम्ही जन्मभर भांडलो. भांडलो म्हणजे मजेत.

"सूर्य तुमच्या अकोल्यात घरजावई हाये वं," ताई म्हणायची. "जायचं नावच घेत नाई."

"अन् तुमचं गाव तं रेल्वेनंबी टाळलं. मुंबईची मोठी गाडी आमच्या दारावरून जाते. तुमच्याकडे याचं म्हणजे बडनेऱ्याले उतरा!"

दोघींचे यजमान गेल्यावर मात्र या थट्टेला एक खरं काम लागलं. उरलेलं आयुष्य एकत्र काढायचं, असं आम्ही ठरवलं. ताई अमरावतीच्या घरात एकटी होती. माझा मुलगा आणि सून माझ्यासोबत वरच्या मजल्यावर, खालच्या दोन खोल्या रिकाम्या. प्रश्न एवढाच, की कोणी कोणाकडे जायचं? शेवटी तोड निघाली: एक महिना तुझ्याकडे, एक महिना माझ्याकडे. मग ठरवू.

ताई मोठी धूर्त. तिनं मला नवरात्रात बोलावलं. अंबादेवीच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, तरी धक्का लागला तर माणूस "माफ करा, आजी" म्हणतो. संध्याकाळी आम्ही दह्यातला गिला वडा खायचो आणि वडाळीच्या तलावाकडे जाऊन बसायचो. रात्री गार वारा यायचा. मी इतकी शांत कितीतरी वर्षांत झोपले नव्हते. हे मी ताईला सांगितलं का? छे! निघताना म्हटलं, "गाव बरं आहे. पण दुकानं उघडेपर्यंत भूक मरते."

मीही काही कमी नव्हते. तिला उन्हाळ्यात बोलावून हरायला मी वेडी होते होय? श्रावणाची वाट पाहिली. शेवटच्या सोमवारी पूर्णा नदीचं पाणी घेऊन कावडी राजेश्वराच्या देवळाकडे निघाल्या, तेव्हा आमची अख्खी गल्ली रस्त्यावर होती. ढोल असे वाजत होते की छातीत धडधडावं. शेजारणींनी ताईला हाताला धरून पुढे ओढलं आणि माझी ती व्याख्यानं ऐकणारी बहीण डोक्यावरचा पदर पडेपर्यंत टाळ्या पिटत होती. आठ दिवसांत ती सगळ्या गल्लीची मावशी झाली. निघताना म्हणाली, "भल्ला गोंधळ बाप्पा तुमच्याकडे. झोप नाई."

मग दोघी वाट पाहत बसलो. ती म्हणेल "ये", किंवा ती म्हणेल "मी येते". तीही माझ्याकडून तेवढंच ऐकायला थांबलेली. दिवाळी होऊ दे, उन्हाळा सरू दे, पायाचं दुखणं जाऊ दे. आम्हाला वाटायचं, वय आमचंच आहे, कुठं पळून जातं?

एक दिवस ताई न्हाणीघरात घसरून पडली. तिचा मुलगा पुण्याहून आला, घराला कुलूप लावलं आणि तिला घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला प्रवासही बंद केला.

आता आम्ही फोनवर भांडतो. परवा ताई भलतीच तापली होती. "इथल्या बायाईले अकोला अन् अमरावती एकच वाटते! नागपूरकडचंच ना काही तरी, म्हणतात. मी म्हटलं, एक कसं? अकोल्याचा माणूस घरात शिरते, आमचा फाटकाशी उभा राहते."

"अन् पुण्याचा?"

"इथं दाराले काचेचा डोळा बसवला हाये. त्यातून पायतात."

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "तुह्या गल्लीत मले करमत होतं वं."

"मंग तवाच काहून नाई बोलली?"

"तू बोलली का? माह्या घरी पंखा न लावता घोरत होती. मी पायलं नाई का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "औषध घेतलं का?" एवढंच विचारलं.

माझा मुलगा म्हणतो, खालच्या खोल्या भाड्यानं देऊ. गेल्या आठवड्यात एक नवं जोडपं पाहायला आलं. मुलगी गोड होती, तिला खिडकी आवडली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, भिंतींना फार ओल येते."

ती आश्चर्यानं बघत राहिली. "अकोल्यात ओल, आजी?"

"हो ना. कपडेसुद्धा वाळत नाहीत."

ते गेले. मुलगा खूप चिडला. "आई, मावशी आता येत नसते," म्हणाला. मलाही ठाऊक आहे. खोल्या अगदी कोरड्या ठणठणीत आहेत.