आडवा कर त्याला

माझ्या बायकोला माझ्या यच्चयावत खोड्या ठाऊक आहेत, ही एक सोडून. अकरा वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. तिच्यापुढे नाही, मित्रांपुढे नाही, रोज सकाळी ब्रह्माघाटाच्या पायऱ्या उतरून गंगेत बुडी मारतो तेव्हा गंगेपुढेही नाही. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? एक तर तुम्ही मला ओळखत नाही. आणि दुसरं म्हणजे तुम्ही मराठी वाचता. हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, पण तिथवर यायला मला थोडा वेळ लागेल.

आधी रफीक मास्टरांबद्दल सांगू द्या. मी वाराणसीत एका ग्रंथालयात नोकरी केली आणि संध्याकाळी मोहल्ल्याच्या फुटबॉल टीमला शिकवलं. रफीक मास्टर विणकरांच्या वस्तीतल्या टीमचे कोच. दिवसभर मागावर साडी विणायची, आणि दुपार उतरली की गळ्यात शिट्टी अडकवून मैदान गाठायचं. अंगानं किडकिडीत, आवाज इतका मऊ की हा माणूस अकरा दांडगट पोरांना वळण लावतो हे सांगून खरं वाटू नये. आमच्या दोन टीमचं जुनं वैर होतं, त्यामुळे मी त्यांच्याबद्दल चारचौघांत कधी चांगला शब्द काढला नाही. मनात मात्र मी त्यांना मानत होतो. अजून मानतो, आणि त्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त.

एका मॅचमध्ये त्यांच्या बॅकनं आमच्या पोराला मागून लाथ घातली. रेफरीची पाठ होती, शिट्टी वाजलीच नाही. मी रेघेवर उभा राहून थयथयाट करत होतो, आणि तेवढ्यात रफीक मास्टरांनी हात वर करून स्वतःच्याच खेळाडूला बाहेर बोलावलं. त्यांचे बदली खेळाडू संपलेले होते. उरलेला वेळ दहा जणांत खेळले आणि हरले. तो पोरगा मान खाली घालून बाकावर बसला, तर मास्टर त्याच्यावर ओरडले नाहीत. शेजारी बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. मी आमच्या पोरांना म्हटलं, नाटकं आहेत सगळी. पण सायकलवरून घरी जाताना तेच डोक्यात घोळत होतं. असं कोण करतं? जिंकता येत असताना, कुणी बघत नसताना?

मी तर नक्कीच केलं नसतं. माझ्याकडे एक वही होती. समोरच्या टीमनं कधी, कुणाला, कसा पाय घातला याची त्यात बारीक अक्षरात नोंद असायची, आणि ती वही घेऊन मी टूर्नामेंट कमिटीपुढे वकिलासारखा उभा राहायचो. आमच्या पोरांनी घातलेल्या पायांना त्या वहीत जागा नव्हती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! आमच्यानं कुणाला लोळवलं की मी हसून म्हणायचो, "फुटबॉल है, भजन नहीं." समोरचा कोच हेच म्हणाला की मी लेखी तक्रार द्यायचो. आणि खरं सांगू? मला यात काही विसंगत आहे असं कधी वाटलंच नाही. माणसाला आपल्या तोंडाचा वास येत नाही, तसं ते होतं.

आता विनायक. बावीस वर्षांचा, आमचा डावा बॅक. शेजारच्या गल्लीतला, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातला. मला काका म्हणायचा. काशीत आमची मराठी उंबऱ्याच्या आतली. ती देवापुढे, स्वयंपाकघरात, आईशी भांडताना बोलायची. दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. पूर्ण टीममध्ये मराठी येणारे आम्ही दोघंच. त्यामुळे मैदानावर मी त्याला काहीही ओरडून सांगू शकत असे, "मागे सरक", "डावीकडे बघ", "त्याला डावा पाय येत नाही", आणि समोरच्यांना पत्ता लागत नसे. आमचा गोलकीपर हसायचा. म्हणायचा, चाचा मंतर मार रहे हैं. मला या सोयीचा भारी अभिमान होता. विनायकलाही असावा, कारण मराठीत हाक मारली की तो घरात हाक मारल्यासारखा लगेच मान वळवायचा.

फायनल होती. जानेवारीतली. सकाळभर इतकं धुकं होतं की मॅच दुपारी सुरू झाली. समोर रफीक मास्टरांची टीम, आम्ही एका गोलनं पुढे, आणि वीसेक मिनिटं उरलेली. त्यांचा सलीम नावाचा विंगर होता. काय खेळायचा तो! चेंडू पायाला बांधल्यासारखा. दोनदा त्यानं विनायकला चकवलं, दुसऱ्यांदा चेंडू आमच्या खांबाला लागून बाहेर गेला. मला तो कप हवा होता. त्यांच्याकडून हवा होता. मास्टरांनी त्या दिवशी दहा जणांत हरून जे काही जिंकलं होतं, ते मला कुठेतरी डाचत होतं. हे मी आज म्हणतो आहे, तेव्हा एवढं कळत नव्हतं.

सलीमकडे पुन्हा चेंडू आला. मी रेघेवर गेलो आणि हिंदीत ओरडलो, "साफ खेलो, गेंद पे रहो!" सगळ्या मैदानानं ऐकलं. रेफरीनंही.

आणि त्याच दमात मराठीत ओरडलो, "विनू, आता सोडू नको. आडवा कर त्याला."

विनायकनं धावता धावता माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. ती नजर मला अजून दिसते. खरंच, काका? असं ती विचारत होती. तेव्हा मी गप्प राहू शकत होतो. नुसतं दुसरीकडे बघितलं असतं तरी चाललं असतं. मी मान हलवली.

सलीमच्या घोट्याचं हाड मोडलं. आवाज आमच्या बाकापर्यंत आला. विनायकला लाल कार्ड मिळालं. तो मैदानाबाहेर आला नाही, सलीमचं डोकं मांडीवर घेऊन बसला, त्याला दोघांनी ओढून उठवावं लागलं. राहिलेली वीस मिनिटं आम्ही तग धरला. कप आम्हाला मिळाला.

मी सांगायचं म्हणतोय ते अजून पुढे आहे. मैदानावर तोंडून निघून गेलं, जोशात होतो, असं म्हणून ते एखादा पोटात घालेलही. पण तीन दिवसांनी कमिटीनं माझ्याकडे लेखी जबाब मागितला. तेव्हा कुठला जोश होता? मी जेवून, पान खाऊन, टेबलाशी बसून शांतपणे लिहिलं. खेळाडूनं हे कृत्य रागाच्या भरात, आपल्या मर्जीनं केलं. माझी सूचना स्वच्छ खेळण्याची होती आणि मैदानावरच्या सर्वांनी ती ऐकली आहे. बघा कसं बेमालूम लिहिलं! दुसऱ्या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. सर्वांनी ऐकलीच होती ती, हिंदीतली. मराठीतली ज्यानं ऐकली, तो मला काका म्हणत होता.

विनायकवर वर्षभराची बंदी आली. त्याच वर्षी रेल्वेत खेळाडूंच्या जागा निघाल्या होत्या. तो त्यासाठी दोन वर्षं पहाटे उठून घाटावरच्या पायऱ्या चढत-उतरत होता. अर्जाला कमिटीचं पत्र लागायचं, ते मिळालं नाही. त्याचे वडील मला भेटायला आले तेव्हा मी म्हणालो, तरुण रक्त आहे हो, समजून घ्या. असं मी म्हणालो. त्यांनी माझे आभार मानले. विनायक त्यांच्या मागे उभा होता, माझ्याकडे बघत. पुढे त्यानं मामाच्या दुकानात बसायला सुरुवात केली. पूजेचं सामान, तांब्याची भांडी. अजून तिथेच बसतो.

सलीम सहा महिने मागावर बसू शकला नाही, कारण मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून लाकडी पट्ट्या दाबाव्या लागतात आणि त्याचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता. कुणा मुलीच्या लग्नाची साडी त्याच्या मागावर अर्धवट राहिली होती. ती रफीक मास्टरांनी रोज आपलं काम उरकून, सलीमच्या घरी बसून पुरी केली. हे मला कुणीतरी कौतुकानं सांगितलं. मी म्हणालो, हो, भला माणूस आहे.

माझं काय झालं म्हणता? मी मोठा झालो. त्या मॅचनंतर मी धसमुसळ्या खेळाविरुद्ध बोलायला लागलो, आणि बोलता मला चांगलं येतं. हळूहळू कमिटीवर आलो. या हिवाळ्यात आम्ही एक नवा नियम केला: खेळाडूला पाय घालायला जो कोच चिथावेल, त्याच्यावरही बंदी. मसुदा कुणी लिहिला? मी. वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. रफीक मास्टर कोपऱ्यात बसले होते, हातात चहाचा मातीचा पुरवा. आता सत्तरी गाठलीय त्यांनी, डोळ्यांना मागावरचा धागा दिसत नाही. टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

मीटिंग संपल्यावर ते माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आले. तिथे थांबले, आणि मऊ आवाजात, मराठीत म्हणाले, "आडवा कर त्याला."

मी भिंतीला हात टेकला.

"मालेगावात आठ साल माग चालवला मी, जवानीत," ते म्हणाले. "तुमची बोली समजती मला."

अकरा वर्षं! अकरा वर्षं या माणसाला माहीत होतं, आणि त्याआधीचा माझा एक-एक 'मंतर'ही त्यानं ऐकला होता. त्याला डावा पाय येत नाही, हे त्याच्याच पोराबद्दल मी त्याच्या कानाशी ओरडत होतो, आणि त्यानं त्याचा कधी फायदा घेतला नाही, कधी चिडवलंसुद्धा नाही. मी कसंबसं विचारलं की मग तुम्ही तेव्हा कमिटीला का नाही सांगितलं.

त्यांनी सांगितलं, अगदी सरळ, माझ्यावर काही उपकार करतोय असं न दाखवता. त्याच आठवड्यात ते विनायकच्या घरी गेले होते. त्याला म्हणाले, मी ऐकलंय, मी साक्ष देतो, तुझी बंदी उठेल. आणि विनायकनं त्यांचा हात धरून नको म्हटलं.

"तो बोलला, काका सांगतील," मास्टर म्हणाले. "मी बोललो, नाही सांगितलं तर? बोलला, सांगतील, थोडा टाइम द्या त्यांना. मग मी जबान दिली, का मी नाही बोलणार."

एवढं बोलून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जसा त्या दिवशी बाकावरच्या पोराच्या ठेवला होता, आणि ते आपल्या वस्तीकडे वळले. मला त्यांच्यामागे धावत जावंसं वाटलं. काय म्हणणार होतो? एकानं विश्वास टाकला आणि दुसऱ्यानं शब्द पाळला, आणि मधे मी टाळ्या घेत बसलो होतो.

विनायकच्या दुकानावरून मी रोज जातो. रोज तो "नमस्कार काका" म्हणतो आणि म्हटल्यावर थोडा थांबतो. मला वाटायचं, ती त्याची लकब आहे. अकरा वर्षं मी नमस्कार घेऊन पुढे चालत राहिलो. काल मात्र ठरवून त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "नमस्कार काका," तो म्हणाला, आणि थांबला. मी कापराची डबी मागितली. त्यानं दिली. मी घरी आलो आणि हे लिहायला बसलो. याची हिंदी प्रत कमिटीकडे जाईल, पण ते वाक्य मराठीत होतं, म्हणून आधी मराठीत.

त्या दिवशी टेबलाशी बसून लिहायचं होतं ते एवढंच होतं: विनायकनं आपल्या मर्जीनं काहीही केलं नाही. "आडवा कर त्याला" हे मी ओरडलो. त्यानं माझ्याकडे पाहून खात्री करून घेतली, आणि मी मान हलवली.