मोठा जेट

पाटोद्याच्या स्टँडमागचा मिस्त्री गाडी चालू करून डोळे मिटायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा. बोलायचा फार कमी. दुष्काळाच्या त्या हिवाळ्यात गावचं दूध मी मोटरसायकलवरून संघाच्या टँकरपर्यंत न्यायचो. गारठ्यात गाडी वाटेतच बंद पडायची, टँकर निघून जायचा आणि दूध माघारी यायचं.

"थंडीत हिला पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटरला मोठा जेट पायजे, मोठ्या भोकाचा, पेट्रोल जास्त सोडणारा," तो म्हणाला.

दुकानात तसा जेट नव्हता. त्यानं स्वतःच्या गाडीतला काढून मला दिला आणि माझा बारीक जेट आपल्या गाडीत घातला.

"आन् तुमी?"

"मला कुटं लांब जायचंय? घर हितंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाटोद्यापासून दोन कोसांवर, तो बंद पडलेली गाडी ढकलत घराकडून दुकानाकडं जाताना दिसला. मी वेग कमी केला.

"थांबू नका," तो म्हणाला, "टँकर जाईल."