शेवटचा रकाना

कपाट आवरताना सिनेमांची माझी जुनी वही सापडली. सिनेमाचं नाव, माझं मत ("रडका", "गाणी फार", "नायिका शहाणी") आणि शेवटचा रकाना: शेवट गोड आहे का. तो सासूबाईंसाठी होता. सासरे फौजेत असताना बेपत्ता झाले. जिवंत की मेले, कधीच कळलं नाही, आणि सासूबाईंनी कुंकू पुसलं नाही. वडूजच्या घरी टीव्हीसमोर बसताना त्या आधी विचारायच्या, "आगं, शेवटी भेटत्यात न्हवं दोघं?" एकदा मी शेवट न पाहताच "हो" म्हणाले. त्या सिनेमात नायिकेला नायकाच्या मरणाची तार आली. मी घाईनं रिमोट शोधू लागले. शेंगा सोलणारे त्यांचे हात थांबले. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "हिला तार तरी आली." त्यांना जाऊन चार वर्षं झाली. नव्या वहीतही मी अजून तो रकाना भरते; या जुन्या वहीत त्या सिनेमापुढचा मात्र कोराच आहे.