बल्ब लाल व्हायचा तेव्हा

आमचं घर शेतात, विजेचा खांब तिकडे दूर रोडवर. मी चौथीपर्यंत शिकलो, पण खांबापासून घरापर्यंत अन् पुढे विहिरीपर्यंत तार मीच ओढली. वायरमन बोलला होता, "काका, बारीक अन् लांब तारेले रेझिस्टन्स जास्त राह्यते. मोटारनं करंट ओढला का व्होल्टेज तारेतच मरते. घरी काय पोचन?"

"मरू दे," मी म्हटलं.

अन् मरायचंच. विहिरीवर बटन दाबलं की स्वयंपाकघरातला बल्ब लाल पडायचा. मोटार फिरायला लागली की पुन्हा उजळायचा. बायको तेवढ्यावरून ओळखायची. उजळला की चहा मांडायची. लालच राहिला तर मोटार अडली समजून हातातलं टाकून धावायची अन् मीटरजवळचा फ्यूज उपटायची. मी तणतणत घरी यायचो.

"लाइन काऊन बंद केली?"

"तुमची मोटार नुसती घुमून राह्यली होती. जाळता काय तिले? हातपाय धुवा, चहा घ्या."

मागच्या दिवाळीच्या आधी ती गेली. दवाखान्यातून घरी आलीच नाही.

तेरवीनंतर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो. बटन दाबलं अन् नेहमीसारखा पाटाची फूट बुजवायला पुढे निघून गेलो. परत आलो तर जळका वास. मोटार अडून घुमत राहिली, वाइंडिंग जळलं.

पोरगा पिपरीला राहतो, नोकरीवाला. मोटारीचं वाइंडिंग हिंगणघाटहून नवं भरून आणलं अन् म्हणाला, "बाबा, जाड तार टाकू. व्होल्टेज पुरलं तं मोटार अडनच नाई."

"तार बदलाची नाई."

"काऊन पण?"

"मी टाकली हाये."

"अन् पुन्हा अडली तं? बल्ब पाहाले घरी कोण हाये आता?"

मी उठलो. पक्कड घेतली अन् जुनी तार स्वतः काढली. त्याला हात लावू दिला नाही.

आता जाड तार आहे. मोटार झटक्यात फिरते. पोरगा फोनवर विचारतो, "बाबा, व्होल्टेज बराबर हाये ना?" मी म्हणतो, हाये.

सकाळी मोटार लावून घरी येतो. गॅसवर काही नसतं. बल्ब तेवढा एकसारखा जळत असतो.