बाहेरची कडी

संक्रांत होऊन गेल्यावरच्या रविवारी मी माझ्या बायकोला आणि दोन्ही पोरांना घरात कोंडून गजरे आणायला गेलो. मुद्दाम नव्हे. हाताला सवय लागली होती.

त्याआधी सहा आठवडे घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्या बंदच होत्या. आधी मुलीला कांजिण्या आल्या, तिच्या खपल्या धरतात तोवर मुलाला. दाराला कडुनिंबाची डहाळी, घरात फोडणी बंद, कुणाचं येणं बंद. मला लहानपणीच येऊन गेलेल्या, म्हणून दूध-भाजीला मी एकटा बाहेर पडायचो. मुलगा लगेच माझ्यामागून गॅलरीत धावायचा, म्हणून बाहेरून कडी घालायचो. बायको मात्र पोरांपाशी. सहा आठवड्यांत तिनं उंबरा ओलांडला नाही. खिडकीचे गज धरून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायची आणि ती माणसं पलीकडच्या कठड्याला चिकटून उत्तरं द्यायची.

शेवटी कडुनिंबाच्या पाण्यानं सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. डहाळी उतरली. त्या दिवशीची फोडणी अशी काही बसली की आम्ही चौघंही शिंकत सुटलो. बायकोनं लगेच हळदीकुंकू ठरवलं आणि खिडकीतूनच मजल्यावर बोलावणी केली.

"येतील ना हो सगळ्या?" हे तिनं मला चार वेळा विचारलं. चौथ्यांदा मी गजरे आणायला निघालो.

इतक्या दिवसांनी पाय मोकळे झाले होते. नाक्यावर एक चहा घेतला, ओळखीचा भेटला म्हणून दुसरा घेतला. परत येतो तर गॅलरीच्या टोकाला सात-आठ बायका जरीच्या साड्यांत घोळका करून उभ्या, आणि इकडे आमच्या खिडकीत गजांमागे बायको. अंगावर लग्नातला शालू, हातात कुंकवाचा करंडा.

"अगं, खरंच कुणी आजारी नाही! विसरून लावलीय त्यांनी."

"विसरून कुणी बाहेरून कडी घालतं का, वहिनी?" शेजारीण म्हणाली. "आणि भावजी तर केवढे व्यवस्थित!"

"कसले व्यवस्थित! परवा चष्मा पिठाच्या डब्यात सापडला."

"पुन्हा कुणाला आलं असेल तर सांग बाई," दुसरी म्हणाली. "माझ्याकडे तान्हं आहे."

मी वेंधळा आहे हे बायको तासभर ओरडून सांगत होती आणि माझ्या चांगल्या नावापायी कुणाला पटत नव्हतं. मी गजऱ्यांची पुडी काखेत धरून कडी काढली. दार सताड उघडलं. तरी एकही पाऊल पुढे येईना. बायकोनं करंडा दुसऱ्या हातात घेतला, मग परत पहिल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतली मालवणी म्हातारी काठी टेकत आली. तिनं माझं तोंड नीट न्याहाळलं.

"ह्येच्या तोंडाकडे बघा गो! इसारलोच तो मेलो," असं म्हणून ती सरळ आत जाऊन पाटावर बसली. तिच्यामागून एकेक करून सगळ्या आल्या. तान्ह्याची आईसुद्धा, फक्त ती दाराजवळ बसली.

सगळ्या गेल्यावर बायकोनं करंडा ठेवला, कोमेजलेला गजरा माळला आणि शालूवरच चपला घातल्या.

"मी नाक्यापर्यंत जाऊन येते. एकटी. पोरांना भात वाढा," ती म्हणाली. उंबऱ्याबाहेर जाऊन वळली. "आणि घाबरू नका, बाहेरून कडी घालत नाही."